आप्पांनी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

निवडणूक जाहीर झाली की आमच्या आप्पांचं रिव्हॉल्व्हर माहेरी जायचं. हा आईचा शब्द. मतदानाआधी लायसनवाल्यांना आपलं हत्यार जमा करावं लागतं. आप्पा ते बेळगावातल्या एका बंदुकीच्या दुकानात ठेवायचे, पावती घ्यायचे आणि निकाल लागला की परत आणायचे. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडे त्यांनी उभी हयात रखवाली केली, त्या कामासाठीच ते घेतलेलं. कुणावर एकदाही झाडलं नाही. पण दर रविवारी तेलाच्या फडक्यानं ते पुसत बसायचे, तेव्हा आई त्याला सवत म्हणायची आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे.

आई गेल्यावर मी आप्पांना बेळगावात, वडगावला माझ्या घरी आणलं. सवतही आली, माझ्याच कपाटात. तोवर आप्पांचं विसरणं सुरू झालं होतं. जेवून हात धुतला की पुन्हा ताट मागायचे, ते चालून गेलं. पण एका संध्याकाळी माझा नवरा मच्छे गावच्या कारखान्यातली ड्यूटी करून दारात आला, तर आप्पांनी त्याला हटकलं, "कोण रं तू? कुणाच्या घरात शिरतोयस?" आणि ते सरळ कपाटाकडे गेले. किल्ली माझ्या कमरेला होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून कपाटाचं दार नुसतं वाजलं तरी मी कमरेची किल्ली चाचपून बघायची.

डॉक्टर म्हणाले, हत्यार घरात ठेवू नका. त्यांचं बोलायला काय जातं? आप्पांना ते सांगायचं कुणी? आई गेली, गावातलं घर सुटलं, मित्र एकेक करून संपले. आपलं म्हणावं असं त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि तेच मी काढून घेणार होते.

अशात पुन्हा निवडणूक आली आणि रिव्हॉल्व्हर दुकानात गेलं. निकाल लागल्यावर आप्पांनी ते आणायचा धोशा लावला. मी आधी एकटीच दुकानात जाऊन आले. दुकानदार आप्पांचे जुने ओळखीचे. त्यांनीच वाट सुचवली. म्हणाले, आप्पांना सांगू, जुन्याचे पार्ट आता मिळत नाहीत, त्याच रिव्हॉल्व्हरची नवी आवृत्ती निघालीय, ती बुक करू, यायला वेळ लागेल. तोवर विसरतील. मला तर बुडताना कुणी हात दिल्यासारखं झालं.

ठरल्याप्रमाणे मी आप्पांना रिक्षातून घेऊन गेले. काउंटरवर हिरव्या फडक्यावर दोन्ही ठेवलेली होती, त्यांचं जुनं आणि शोकेसमधलं नवं. आप्पा जुनं सोडणार नाहीत याची मला खात्री होती. मनधरणी कशी करायची हे मी रिक्षात घोकत आले होते.

आप्पांनी चष्मा मागितला. जुनं उचललं, मधून मोडून उघडलं, नळी उजेडाकडे धरून बघितली. मग नवं तसंच बघितलं. आणि बोलायला लागले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. जुन्याचं काम सुबक, पण घोडा कडक. बोटाला जोर लावावा लागतो, म्हणजे माणसाला विचार करायला सवड मिळते. नव्याचा घोडा हलका, मूठ हातात चांगली बसते, आणि एक लॉक दिलंय, ते लावलं की गोळी सुटतच नाही. दुकानदार हातातलं काम टाकून ऐकत होते. मला मात्र उभ्या उभ्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस चांगला शहाणा होता आणि मी त्याला फसवायला आणलं होतं.

मग त्यांनी जुनं बाजूला सारलं.

"नवं घेऊया," ते म्हणाले. "ह्याला लॉक हाय. घरात पोरं हायत, आन् माझ्या डोक्याचा आता भरवसा न्हाय गं. मला समजतंय."

तिथंच मी बोलायला हवं होतं. आप्पा, मग काहीच नको आपल्याला, एवढंच. कदाचित ते हो म्हणाले असते. पण आज हो म्हणतील आणि उद्या ते हो विसरतील, याची मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर कागद तयार होते. ते मी पुढे सरकवले. रिव्हॉल्व्हर विकल्याचा आणि लायसन परत केल्याचा अर्ज, सगळा कानडीत. पूर्वी कानडी कागद आला की आप्पा अक्षराखाली बोट ठेवून ठेवून वाचायचे, मगच सही. त्या दिवशी त्यांनी फक्त कुठं करायची ते विचारलं आणि मराठीत लफ्फेदार सही केली.

दुकानदारांचा अंदाज साफ चुकला. आई गेल्याचं आप्पा विसरले, नातवंडांची नावं विसरले, न्हाणीघर कुठल्या बाजूला ते विसरले. बुकिंग तेवढं विसरले नाहीत. रोज चहा झाला की विचारतात, आलं का? मी सांगते, फॅक्टरीतून निघालं नाही, डीसी ऑफिसात कागद अडलाय, साहेब रजेवर आहेत. सरकारी कचेरीला शोभतील अशा सगळ्या सबबी माझ्या वापरून संपल्या. ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. कधीकधी मी त्यांच्यावर खेकसते, मग मोरीत जाऊन रडते.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि अदबीनं "बसा बाई" म्हणाले. मी त्यांना दुकानातली कुणी वाटत होते. आमचं रिव्हॉल्व्हर आलं का, जरा बघून सांगा, म्हणाले. मला ते सोसेना. इतके महिने दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं.

"ते येणार न्हाय आप्पा. लायसनच परत केलंय."

ते रागावले नाहीत. अडाणी माणसाला समजावून सांगावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमास्नी ठाव न्हाय बाई," ते म्हणाले. "माझ्या लेकीनं बुक केलंय. ती खोटं बोलत न्हाय."