दाराबाहेरचे बूट

गुन्वोरच्या तोंडून कुणाचं गुपित फुटलं, असं त्या नॉर्वेजियन बेटावर कधी घडलं नाही. ती सरकारी नर्स. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर नगरपालिकेच्या तळमजल्यावर बसायची. सोळा-सतराच्या पोरींना दिवस न जाण्याच्या गोळ्या, पोरांना निरोध, आणि घरच्यांना ताकास तूर लागू द्यायची नाही असा नियम. गुन्वोर नियमाहून घट्ट.

पण बुटांचं तोंड कोण बंद करणार? बाहेरचे बूट घालून आत यायचं नाही, ही तिकडची रीत. ते दाराबाहेर राहायचे आणि समोरच वाचनालय. गुरुवार आला की बेटावरच्या बायकांना वाचनाचं वेड लागायचं. खिडकीत पुस्तक उघडून बसायच्या, वाचायच्या मात्र बूट.

हळूहळू पोरं येईनाशी झाली. एकदा सिल्ये दारापर्यंत आली, हिरव्या बुटांची नाडी सोडायला वाकली, समोरच्या खिडकीत आपली आजी आल्फहिल्ड दिसताच तशीच माघारी वळली. तिचं कुणाबरोबर चाललंय हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. उद्या पोरीला दिवस गेले तर ते आपल्या दारामुळे, या विचारानं गुन्वोरला घास गोड लागेना.

पुढच्या गुरुवारी तिनं वॅफलचं यंत्र आणलं आणि शाळेत निरोप धाडला: जॅम लावून वॅफल, या सगळे. फुकटचं कोण सोडतं? दाराशी बुटांचा डोंगर झाला. खायला कोण आलं आणि गोळ्यांना कोण, बायकांना कळेना. डोंगरात हिरवे बूटही होते. सिल्ये आतल्या खोलीतून गोळ्या घेऊन आली, वर दोन वॅफल खाऊन गेली.

पोरं पांगल्यावर आल्फहिल्ड आली.

"सिल्ये कशाला आली होती?"

"वॅफल छान झालीत. खातेस?"

"मी काय विचारतेय, गुन्वोर?"

"आणि मी काय सांगतेय?"

आल्फहिल्ड खुर्चीत बसली. बराच वेळ वॅफल नुसतं चिवडत राहिली.

"तिची आई पोटात होती तेव्हा मी सतराची होते," ती म्हणाली. "तेव्हा असं दार असतं तर माझी शाळा सुटली नसती. आणि परवा मीच पोरीला दारातून परत पाठवलं."

गुन्वोरनं जॅमची बरणी पुढे सरकवली.

त्यानंतरच्या गुरुवारी आल्फहिल्ड वाचनालयात नव्हती, आत वॅफल भाजत होती. तिचे बूट ढिगाच्या अगदी वर होते. म्हातारीला या वयात तिथं काय हवं असेल, याचं कोडं समोरच्या खिडकीला अजून सुटलेलं नाही.