दगडावर ठेवलेला चाकू

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास कुपवाडला कारखान्यांच्या गर्दीत एका गृहस्थांचं हत्यारांचं दुकान होतं. मला ट्रेकसाठी घडीचा चाकू हवा होता. पक्कड, करवत, कात्री असं सगळं असलेला अकरा पात्यांचा मी उचलला. त्यांनी तेलाचा बोळा माझ्या बोटांवर फिरवला आणि म्हणाले, "आता उघडा." एकही पातं उघडेना.

"डोंगरावर हात कोरडं कुठं असत्यात?" म्हणत त्यांनी चार पात्यांचा पुढं सरकवला. तो तेलकट बोटांनीही उघडला.

धारेची वस्तू ते कधीच कुणाच्या हातात देत नसत. काउंटरवर ठेवायचे, आपण उचलायची. "हातात दिली की भांडण हुतंय," एवढंच कारण.

पुढं ओळख वाढली आणि ते आमच्याबरोबर वासोट्याच्या ट्रेकला आले. उतरताना काकडी खायला थांबलो. ते माझ्याच चाकूनं काकडी कापत होते, तेवढ्यात माझा पाय घसरला आणि सॅकचा पट्टा करवंदीच्या जाळीत अडकला. मी उतारावर लोंबकळत होतो. पट्ट्यापर्यंत माझाच हात पोचत होता.

"चाकू द्या लवकर!"

त्यांनी एका हातानं माझी कॉलर घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं चाकू माझ्या नाकासमोरच्या दगडावर नीट ठेवला.

"अहो, हातात द्या की."

"न्हाई. उचला तुमी. मी धरलंय तुमास्नी."

पट्टा कापून वर आलो, तर त्यांनी उरलेल्या काकडीसाठी चाकू मागितला.  मीही तो दगडावर ठेवला.