बाहेर तपासलेला पेपर

आम्ही अमेरिकेत एडिसनला राहतो. मुलीला जवळच्याच एका प्रायव्हेट शाळेत घातलं होतं. ती दहावीत असताना शाळेने पालकांना बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षापासून एपी कोर्स बंद. कॉलेजच्या पातळीचे हे कोर्स, शेवटी देशभर सगळ्यांना एकच परीक्षा, तिचे पेपर शाळेबाहेर तपासले जातात.

"आता मुलं थोडं शिकतील, पण खोलात जाऊन," मुख्याध्यापिका म्हणाल्या. पुढच्या रांगांमधून टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

मी नागपूरला शिकत असताना आमचं आडनाव ऐकलं की काही शिक्षकांचा आवाज बदलायचा. तोंडी परीक्षेत मला हमखास कमी मार्क पडायचे. बोर्डाचा पेपर मात्र बाहेर जायचा. तपासणाऱ्याला फक्त माझा नंबर दिसायचा. त्या नंबराच्या आडोशाने मी इथवर आले. आणि आता लेकीचं सगळं शिक्षकांच्या मतावर?

नवरा म्हणाला, "पब्लिक स्कूलमध्ये टाकू." मुलगी रडून मोकळी झाली, मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या. मग मी मधलं काहीतरी काढलं. शाळा तीच, पण एपी केमिस्ट्रीची परीक्षा बाहेरून द्यायची, वीकेंडला क्लास. शाळेच्या नव्या कोर्समध्ये तिला वर्षभर एका ओढ्याच्या पाण्याचा अभ्यास होता, तोही वीकेंडलाच. ओढ्यावरून क्लासला, क्लासवरून ओढ्याला मी ड्राइव्ह करत राहिले. ती मागच्या सीटवर चिखलाच्या बुटांसकट झोपायची.

एका रविवारी क्लाससमोर ती गाडीतून उतरेचना.

"आई, आय कान्ट डू बोथ."

"थोडेच महिने राहिलेत गं."

"देन यू गो इन."

मी गाडी बंद केली. तोंडी परीक्षेचं, नंबराचं तिला पहिल्यांदाच सांगितलं. 

"बट माय टीचर इजन्ट लाइक दॅट," ती म्हणाली.

"नसेलही. पण असली तर तुला कळणार कसं?"

 मी गाडी परत घराकडे वळवली. तो क्लास बुडाला. आठवड्याभरात मी तो कॅन्सलच केला.

वर्षअखेरीला तिच्या टीचरने मार्कांऐवजी दोन पानं लिहून दिली. भरभरून कौतुक होतं. मुलगी खूश. मी मात्र ती पानं परत परत वाचत होते, कुठे एखादा शब्द खटकतोय का ते शोधत. एकही सापडला नाही. तरी मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. पुढच्या वर्षी टीचर नवे येणार होते.