दामलेबाईंचा खांदा

डॉक्टर दामलेबाई पहिल्या दिवशी वर्गात आल्या आणि एक शब्द न बोलता भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाय जुळलेले, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर उघडे. अमरावतीच्या दवाखान्यात सुईणकाम शिकायला आलेल्या आम्ही बायका बाकांवरून एकमेकींकडे बघू लागलो. शेवटी शेजारच्या सखूने मला कोपराने ढोसलं, "बाईच्या अंगात आलं का वो?"

बाई हलल्या नाहीत. "माणूस पडलेला असो, वाकलेला असो, मनात त्याला असा उभा करायचा," त्या म्हणाल्या. "मग सांगायचं दुखणं कुठं आहे ते. आणि उजवं म्हणजे त्याचं उजवं, तुमचं नव्हे."

बाई पुण्याच्या. पायात पुरुषी बूट, बोलणं तोलूनमापून. पुस्तक इंग्रजी, आमच्यातली कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. मी परतवाड्याच्या फुलमळ्यातून आलेली. म्हणून बाईंनी आमच्यासाठी सोपे शब्द केले. डोक्याकडे, पायांकडे. पोटाकडचं, पाठीकडचं. नाकावरून बेंबीपर्यंत मधली रेघ. तिच्याजवळ ते आत, तिच्यापासून दूर ते बाहेर. एकीला टेबलावर निजवायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं. सखू बोट दाखवून म्हणायची, "इकडं दुखते."

"'इकडे' नावाचा अवयव मी अजून पाहिलेला नाही, सखूबाई."

"मंग या आमच्या गावात, दावतो!"

त्या दिवशी बाई पहिल्यांदा हसल्या. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या.

एकदा नांदगाव खंडेश्वरला एका बाळंतिणीला बघायला त्या मला घेऊन गेल्या. परतताना भर दुपारी आमच्या हलक्या बैलगाडीचं, दमणीचं चाक काळ्या मातीतल्या चाकोरीत गेलं, गाडी कलली आणि बाई हातावर पडल्या. उठून बसल्या तेव्हा उजव्या खांद्याची गोलाईच नाहीशी झाली होती. हात परक्यासारखा लोंबत होता.

"निखळला," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. "अमरावतीला पोचेपर्यंत सूज चढेल, मग बसवणं कठीण. गिरजा, तू बसव."

"मी? मले नाही जमत, बाई!"

"मी सांगते, तू कर."

गाडीवान किसनरावांनी बाभळीखाली घोंगडी अंथरली आणि तोंड फिरवलं. "मले पाहवत नाही वो."

बाई उताण्या निजल्या. "कोपर वाकव, काटकोनात. धडाशी चिकटव. आता पंजा बाहेर ने. हळू."

मी त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. घाबरून आत नेला. बाई किंचाळल्या.

"बाहेर! मधल्या रेघेपासून दूर!"

मी डोळे मिटले. मनात बाईंना भिंतीशी उभं केलं, तळवे समोर. मग बाहेर कुठं ते कळलं. हात फिरवू लागले, पण त्या कण्हल्या तशी माझी बोटं थबकली. आणि आमच्या पुणेरी बाई स्वच्छ वऱ्हाडीत ओरडल्या, "काऊन थांबून राह्यली? फिरव ना!"

मी फिरवला. "आता कोपर छातीवरून पुढे... वर... आता आत. पंजा डाव्या खांद्यावर." खट्ट झालं. ते मला ऐकू येण्याआधी हातांना कळलं.

बाईंनी लांब श्वास सोडला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बसला का?" किसनरावांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"बसला."

"मंग उठा बाई, बैलं उन्हात हायेत."

दुसऱ्या दिवशी बाई गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवून वर्गात आल्या आणि सरळ सखूशेजारी बाकावर बसल्या. "आज गिरजाबाई शिकवतील." मला कुणी 'बाई' म्हणण्याची ती पहिली वेळ. काय शिकवलं ते आठवत नाही. बाईंनी मात्र मधेच तीन शंका विचारल्या आणि एकीवर त्या माझ्याशी भांडल्यासुद्धा. पुढे त्या दौऱ्यावर गेल्या की वर्ग माझ्याकडे असायचा.

वर्षभराने मध्यप्रांत सरकारने त्यांची जबलपूरला बदली केली. बडनेऱ्याच्या स्टेशनवर आम्ही सगळ्या पोचवायला गेलो. रडारड नको म्हणून त्यांनी आम्हालाच दम भरला. गाडी हलली तशा त्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि उजवा हात थेट आभाळाकडे उचलला.

"बघ गं गिरजा! पूर्ण वर जातो!"

डब्यातली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी हात खाली घेतला नाही.