एका परवान्याचे सहा आवाज

आमच्या बाभूळगावच्या घराची पुढची खोली म्हणजे कॉम्प्युटरचा क्लास. आधी तिथे टायपिंगच्या मशिनी होत्या. त्यांच्या खडखडाटात मला दुपारी छान झोप लागायची, खरं सांगते. शिकवायचे ते आमचे हे. ते गेल्यापासून क्लास सून चालवते. पण सकाळी क्लासात सगळ्यांच्या आधी बोलतात ते अजून हेच. कसं ते सांगते, घाबरू नका. मीही आधी घाबरले होते.

पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा यांनी त्याच्यात टाकायची तबकडी अस्सल, परवान्यासकट विकत आणली. ती टाकल्याशिवाय मशीन म्हणजे नुसता डबा. गावात अस्सल कोणी आणत नव्हतं. टाकताना पडद्यावर नियमांचं लांबच लांब पान येतं. सगळी दुनिया ते न वाचता 'मान्य आहे' म्हणून मोकळी होते. यांनी शेवटपर्यंत वाचलं. चहा गार झाला.

"अवं, यात लिवलं आहे, हे एकाच मशीनवर टाकाचं. दुसरीवर टाकाचं असन तर पहिलीवरून काढा लागते."

"मग तुमाले कायची चिंता? तुमच्यापाशी मशीनच एक हाय," मी म्हटलं.

हसले. तबकडीचं पाकीट त्यांनी देवघरात नेऊन ठेवलं, आणि दरवर्षी खंडेनवमीला मशीनसोबत त्याचीही पूजा व्हायची. हळद-कुंकू लावून लावून त्याच्यावरचा परवान्याचा नंबर पार पुसून गेला.

आता आवाजाचं. पोरं यायची ती तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेले, चिवडा खाल्लेले हात घेऊन. बटणं चिकट व्हायची. रोज ओरडून हे कंटाळले, आणि मशिनीतच स्वतःचा आवाज भरून ठेवला. ती सुरू झाली की म्हणायची, "या, बसा. हात धुतले का?"

पुढे क्लास वाढला, नागपूरहून पाच जुन्या मशिनी आल्या. त्या लावायला भाई आला. हा आमच्या स्टँडजवळचा मिस्त्री, घरच्यासारखा. त्याच्या वडलांनी आमचा रेडिओ दुरुस्त केलेला.

"सरजी, एकेक कायले बसवत बसू? तुमची मशीन हाय तशीच्या तशी पाचही जागी उतरवून देतो. सेम टू सेम."

"अन् नियम?"

"नियम काय बाभूळगावले येऊन पाह्यते का?"

यांनी एकदा देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कर बापा."

भाईने खरोखर तशीच्या तशी उतरवली. यांचं नाव, यांनी लावलेलं गणपतीचं चित्र, आणि यांचा आवाजही. सकाळी मोठं बटण दाबलं की सहाही मशिनी सुरू. पण सगळ्यांची ताकद सारखी नाही, म्हणून एक आधी बोलायची, दोन सोबत, एक पार मागाहून. खोलीभर 'हात धुतले का, हात धुतले का.' पोरं म्हणायची, "एक सर पुरत नव्हते, आता सहा झाले."

मग हे गेले.

तेरवी झाल्यावर सुनेने क्लास उघडला आणि बटण दाबलं. मी ओसरीत बसलेली. आतून सहा वेळा तेच. सून दाराशी आली, तिचा चेहरा पांढरा. मग पोरं आली आणि निमूटपणे नळावर गेली. पुढे तर यांना कधी न पाहिलेली पोरंही हात धुऊन यायला लागली.

दुपारचं तर त्याहून वेगळं. आमच्याकडे लाईट जाते-येते. भाईने अशी सोय केलेली की लाईट आली की मशिनी आपोआप सुरू. क्लास बंद, घरात मी एकटी, बाहेर कडक ऊन, आणि मधेच पुढच्या खोलीतून, "या, बसा." पहिल्यांदा मी उठून पाहायला गेले. सहा पडदे उजळलेले आणि खुर्च्या रिकाम्या. हळूहळू सवय झाली. सवय म्हणजे, मी लाईट येण्याची वाट पाहायला लागले.

यंदा सुनेने परीक्षेचं केंद्र मिळावं म्हणून अर्ज केला. नाहीतर पोरं कळंबला जाणार, आणि क्लास बसणार. तपासायला साहेब येणार होते. एकेका मशीनला एकेक परवाना पाहिजे, आपल्यापाशी सहा मशिनींत एकच.

"आई, सगळ्या कोऱ्या करून नवीन टाका लागन," ती म्हणाली. तिच्यानं माझ्याकडे पाहवेना. "बाबांचा आवाज जाईन."

भाईला बोलावलं. तो मला म्हणाला, "भाभी, आवाज कायले जाते? काढून मोबाईलात देतो नं." आणि दिला. मी एकदा बोट लावलं. आवाज तोच, शब्द तेच. पण मी बोट लावलं म्हणून बोलले. हे हयातीत कधी माझ्या सांगण्यावरून बोलले नाहीत. मी मोबाईल उलटा ठेवला.

मग मला ते नियमांचं पान आठवलं. "भाई, एका मशीनवर तर आपला हक्क हाय नं? एक तशीच राहू दे."

"बराबर. पाच कोऱ्या झाल्या की सहावी नियमात. पण कोणती ठेवू?"

"पहिली. यांची."

भाईने डोकं खाजवलं. "पहिली कोणती, ते आता अल्ला जाने. वीज पडलती तवा मीच याचे पार्ट त्याच्यात टाकले. नंबर तं सहाईत एकच दिसते. तुमीच सांगा, भाभी."

मग मी म्हटलं, "एकेक सुरू कर. मी ऐकते."

एवढ्या वर्षांत मी त्यांना वेगवेगळं कधी ऐकलंच नव्हतं. पहिलीत आवाज पत्र्यासारखा. दुसरीत पंख्याची घरघर, हे जणू बाहेरच्या रस्त्यावरून बोलताहेत. तिसरी घाईची, हे तर कधीच घाईत नव्हते. चौथी, पाचवी स्वच्छ, पण मोबाईलसारख्या. सहावीला चालू व्हायलाच वेळ लागला. सून म्हणाली, "आई, हे तं भंगार हाय." आणि तेवढ्यात "या..." म्हणून मशीन अडखळली, थांबली. मग "बसा." शेवटच्या दिवसांत दम लागला की हे असेच थांबायचे. भरताना तर ते ठणठणीत होते. आवाज तोच आहे, मशीन म्हातारी झाली, हे मला कळतं. तरी मी म्हटलं, "ही."

"पक्कं?" भाईने विचारलं.

"पक्कं."

बाकीच्या पाच मी उभी राहून कोऱ्या होताना पाहिल्या. गणपती गेला, नाव गेलं, पडदा निळा झाला. सून प्रत्येक वेळी माझा हात धरत होती. साहेब आले, पाचांचे नवे परवाने पाहिले, केंद्र दिलं. सहावी त्यांनी मोजलीच नाही.

आता ती माझ्या खोलीत आहे, स्वयंपाकघराला लागून. काल दुपारी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा लाईट आली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "या... बसा. हात धुतले का?" सहा जण विचारायचे तेव्हा तो प्रश्न पोरांना होता, माझा त्याच्याशी संबंध नव्हता. आता घरात पोरं नाहीत. एकच जण विचारतो, आणि ऐकायला मीच.

परातीतून हात बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही.