नानकटाई घेऊन बाभुळगावला

दिवाळीच्या चार दिवस आधी माझ्या मुलीने आपल्या पगारातून ओव्हन आणला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना.

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. यवतमाळातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दहा वर्षांची असताना तिला पहिली फिट आली ती गावच्या घरी, चुलीसमोर. उजव्या कोपराखाली भाजल्याचा डाग अजून आहे. त्या दिवसापासून मी तिला विस्तवाजवळ जाऊ दिलं नाही. चहासुद्धा मीच करून द्यायची. गोळ्या नियमित चालू होत्या, अडीच वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. डॉक्टर म्हणायचे, आता तिला मोकळं सोडा. मला ते जमत नव्हतं.

दरवर्षी मी पीठ मळून लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या बेकरीच्या भट्टीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. यंदा मुलगी म्हणाली, "मी घरीच करते. तू फक्त बसून पाह्य."

बसणंच तर होत नव्हतं. तिने तूप आणि पिठीसाखर फेसायला घेतली तेव्हा मी खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली, म्हणजे ती पडली तर खुर्चीवर पडेल. तिने मैदा, बेसन आणि वेलची घातली तोवर मी ती खुर्ची दोनदा सरकवली. ट्रे आत गेल्यावर मी ओव्हनचं दार उघडून पाहिलं. मग पुन्हा उघडलं.

"आई, काय करून राह्यली तू? गरमी जाते ना."

"जळतील."

"जळत नाही. तू चार वेळा दार उघडलं, तीन वेळा प्लग पाह्यला. जरा अंगणात जाऊन ये."

मी अंगणात गेले, तुळशीला पाणी घातलं आणि लगेच परत आले. पहिल्या ट्रेतल्या नानकट्या पसरल्या होत्या, मधून कच्च्या. दुसरा ट्रे मुलीने आत ठेवला आणि दारासमोर स्वतः उभी राहिली.

"हा चांगला निघाला तर मावशीले नेऊन देऊ," ती म्हणाली.

माझी धाकटी बहीण बाभुळगावला राहते. तीन वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. मुलीचं लग्न वर्ध्याकडे जमलं होतं, साक्षगंधाची तारीख ठरली होती. फिटचं मी त्या लोकांपासून लपवलं होतं. बहिणीने त्यांना फोन करून सगळं सांगितलं आणि लग्न मोडलं. मी तिच्या घरी जाऊन, तिच्या सासूसमोर, तिला नको नको ते बोलले. तू मला मेलीस, असंही म्हणाले.

"तिचं नाव घरात काढू नको," मी म्हटलं.

मुलगी ओव्हनकडे पाहत होती. "मावशीनं स्वतःहून फोन नाही केलता, आई. म्याच करायले लावलता."

मला कळेना ती काय म्हणते आहे.

"तुले म्या दोनदा म्हटलं होतं, त्याइले आधी सांग. तू म्हणे, लग्न झाल्यावर सांगू. मले तसं लग्न नव्हतं करायचं. मंग मी मावशीले म्हटलं, तू सांग."

"अन् तीन वर्षं बोलली काहून नाही?"

"तिनं शपथ घातलती. म्हणे, तुह्यी माय माह्यावर रागावली तर चालन. तुह्यावर रागावली तर तू त्या घरात राहशीन कशी?"

ओव्हनची घंटा वाजली. तिने जाड फडकं घेऊन ट्रे बाहेर काढला. नानकट्या छान फुगल्या होत्या, वर बारीक भेगा पडल्या होत्या. पाच मिनिटांपूर्वी मी तो ट्रे तिच्या हातून ओढून घेतला असता. आता मी नुसती उभी होते. मग एकाएकी डबा घेतला आणि त्या गरम नानकट्या भरायला लागले.

"थंड तर होऊ दे!"

"नाही. आत्ता जायचं."

बसमध्ये जागा होती तरी मी बराच वेळ उभी होते. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता आणि प्रत्येक गाडीमागे बस थांबली की मला उतरून चालत जावंसं वाटायचं. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. जुळत नव्हतं.

बहीण ओसरीवर कापूस भरून ठेवत होती. केसांत कापसाचे धागे अडकले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"सांगतलं वाटते तू," ती मुलीला म्हणाली.

मुलीने मान डोलावली.

मी डबा पुढे केला. "नानकटाई आणली."

तिने झाकण उघडलं. "ताई, हा तर चुरा आहे."

"गरम भरल्या," मी म्हटलं आणि मला रडू आलं. "माह्यं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "मले एकदा विचारायचं होतं ना, काहून सांगतलं म्हणून. तीन भाऊबीजा गेल्या, भाऊ आला, तू नाही आली."

तिने पाणी आणून दिलं. चुऱ्यातली एक चिमूट तोंडात टाकली आणि मुलीला म्हणाली, "तूप चांगलं आहे."

मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. ती पाचच्या बसने एकटी परत निघाली. जाताना म्हणाली, उरलेलं पीठ आज भाजून टाकते. घरी कोणी नव्हतं, तिचे बाबा कापसाच्या वेचणीसाठी गावाकडे गेलेले. तिच्यासोबत निघायला मी पायात चप्पल घातली.

"बस खाली," बहीण म्हणाली. "तुह्यानं होत नाही ते आज करून पाह्य."

मी बसले. साडेसहाला फोन केला, उचलला नाही. सातला केला, उचलला नाही. ओसरीत मी इतक्या फेऱ्या मारल्या की बहीण वैतागली. सव्वासातला मुलीचाच फोन आला. हाताला पीठ होतं, म्हणाली, दोन ट्रे झाले, तिसरा आत आहे.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मुलीला मध्ये एकदा फिट आली, बँकेच्या रांगेत, आणि लोकांनी तिला सावलीत नीट आडवं केलं. लग्नाचं अजून ठरलेलं नाही. कोणी स्थळ घेऊन आलं की पहिल्या चहालाच ती स्वतः सगळं सांगते आणि मी तिथे गप्प बसून राहते. बहिणीशी रविवारी फोनवर बोलणं होतं. कधीकधी बोलता बोलता ती एकदम थांबते. तेव्हा तिला काय आठवलं ते मी विचारत नाही. ती पुन्हा बोलेपर्यंत फोन कानाला धरून ठेवते.