धाकट्यांचा थरथरता हात

दोन खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये खिडकीजवळची खुर्ची थोरल्यांची आणि दाराजवळची धाकट्यांची. गिऱ्हाइकं दोघा भावांना एवढ्याच नावांनी ओळखायची. थोरल्यांची कात्री चांगली चालायची आणि जीभ त्याहून चांगली. धाकटे मात्र प्रसिद्ध होते वस्तऱ्यासाठी. त्यांच्या हाताखाली माणसं घोरायची. एक निवृत्त पोस्टमन तर घरी झोप लागत नाही म्हणून दाढी वाढायच्या आधीच दाढीला यायचे.

एके सकाळी याच पोस्टमनची हनुवटी वर करून धाकट्यांनी गळ्यावर वस्तरा टेकवला आणि त्यांच्या डोक्यात एक विचार आला. आता हा जरा दाबला तर?

बस, एवढंच. कुठून आला, कशाला आला, काही पत्ता नाही. बरं, पोस्टमनवर राग असावा, तर त्या झोपलेल्या माणसावर रागावणार तरी कशासाठी? धाकट्यांनी वस्तरा उचलला, पुन्हा फेस लावला आणि उरलेली दाढी कशीबशी उरकली. दुसऱ्या दिवशी ते दुकानात पोचले, तर विचार त्यांच्या आधीच हजर. मग तो रोज येऊ लागला, पोस्टमनपेक्षाही नेमाने.

दुकानात शिरलेली पालसुद्धा झाडूवर घेऊन बाहेर सोडून येणारा हा माणूस. पण त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या आत एक खुनी बसलाय. आता हे सांगायचं कोणाला? बायकोला सांगावं, तर ती मुलीला घेऊन माहेरी जाईल. दादाला सांगावं, तर तो वस्तरे कुलपात घालेल आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही. म्हणून त्यांनी एक सोपी थाप मारली. हात थरथरतो, दाढी जमणार नाही.

थाप सोपी होती, ती निभावणं अवघड निघालं. चारचौघांत चहा घेताना कप बशीवर वाजवावा लागे. चहा शर्टावर सांडावा लागे. एकदा गडबडीत त्यांनी भलताच हात थरथरवला.

"काल उजवा होता ना रे?" थोरल्यांनी आरशातूनच विचारलं.

"पसरतंय," धाकटे म्हणाले.

मग अख्खं घर त्या हाताच्या मागे लागलं. वहिनी रोज तेल चोळायच्या. सासऱ्यांनी दाबायला रबरी चेंडू आणून दिला. नसांच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, कागदावर गोल काढायला लावले, आणि ते चेंडूसारखे वाटोळे गोल पाहून म्हणाले, तुमचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर आहे. घरच्यांनी डॉक्टर बदलायचं ठरवलं.

इकडे विचार पाय पसरत होता. आधी त्याने वस्तरा बळकावला, मग घरातली सुरी, मग कात्री. धाकटे स्वयंपाकघरात जाईनात. मुलगी अंगावर झेपावली की हात पाठीमागे घेत. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपत. जिथे धार, तिथे ते नाहीत. असं करता करता दुकानात त्यांच्या वाट्याला फक्त केर काढणं उरलं. शेवटी थोरले एक दिवस खाली बघत म्हणाले की, पुढच्या महिन्यापासून तुझ्या खुर्चीवर एक कारागीर ठेवतोय. तू काळजी करू नकोस, आराम कर. धाकट्यांनी मान डोलावली आणि सवयीने हातही थरथरवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी मुलगी बाहुलीचा उसवलेला हात घेऊन आली. बायकोला सुईत दोरा ओवता येईना. धाकट्यांनी सुई घेतली, दोरा जिभेला लावला आणि पहिल्याच फटक्यात आरपार ओवला. सुई परत देताना पाहतात, तर बायको त्यांच्याकडे बघतेय. त्यांनी घाईघाईने हात थरथरवला.

"राहू द्या आता ते," ती म्हणाली.

मुलीला तिने शेजारी पाठवलं. मग धाकट्यांनी सांगितलं. आधी तुटक, मग सगळं. बायकोची नजर क्षणभर मुलीच्या उघड्या दप्तराकडे गेली. ती नजर धाकट्यांच्या काळजात रुतली. झालं, त्यांना वाटलं, आता बॅग भरेल.

"किती दिवस झाले याला?"

"वर्ष होत आलं."

"आणि वर्षभरात कोणाला ओरखडा तरी आलाय?"

"नाही."

ती बराच वेळ बाहुलीचा हात शिवत राहिली. "मला वाटलं," ती म्हणाली, "बाहेर कोणीतरी आहे. भिंतीकडे तोंड करून झोपता म्हणून." आणि तिला रडू आलं. ते सुटकेचं की भीतीचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बायकोने त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायच्या. बाईंनी सगळं ऐकून पोलिसांना फोन केला नाही, याचंच धाकट्यांना नवल वाटलं. त्या म्हणाल्या की, असले नकोसे विचार पुष्कळ लोकांना येतात आणि निघून जातात. तुम्हाला तुमच्या विचाराची किळस आली, धास्ती बसली, म्हणून तो अडकला. विचार येणं म्हणजे तसं करावंसं वाटणं नव्हे. हा आजार आहे, त्यावर औषध आहे. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, वस्तऱ्यापासून पळणं थांबवावं लागेल, हळूहळू, बेताबेताने. आणि दुकानातल्या एका माणसाला खरं सांगा.

दुकानात दुसरं होतं कोण?

दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी दादाला सांगितलं. प्रत्येक गोष्टीवर ज्यांच्याकडे टोमणा तयार असायचा, त्या थोरल्यांनी कंगवे उगाच इकडचे तिकडे केले. मग दाराजवळच्या खुर्चीवरची धूळ झटकली, तिच्यात बसले आणि टॉवेल स्वतःच गळ्याभोवती गुंडाळला.

"गालच कर आज. गळ्याचं पुढे बघू."

धाकट्यांनी फेस केला. नवीन पातं लावलं. वस्तरा गालाला टेकला आणि विचार आला, नेहमीसारखाच, जराही न लाजता. आरसा, शटर, भिंती सगळं अंगावर आल्यासारखं झालं. त्यांनी हात उचलला नाही. विचार उभा राहिला, तेही उभे राहिले आणि वस्तरा कानापासून खाली एक रेघ ओढत आला.

तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. थोरल्यांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

"दादा, भीती वाटतेय तुला."

"वाटतेय," थोरले डोळे मिटूनच म्हणाले. "तू चालू ठेव."

धाकट्यांनी दुसरी रेघ ओढली.